गाडी खाली आणणाऱ्या शेजाऱ्यांस

बी विंगमधील स्विफ्टचे मालक यांस,


आपली गाडी खाली आली, त्याबद्दल सोसायटीतर्फे अभिनंदन. कंपनीच्या इंजिनिअरांनी तिला १६३ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स देऊन ठेवला होता. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती फट आपली झोप उडवते, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी गॅरेजमधल्या पोराने ग्राइंडर लावून चारही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे उडवले आणि प्रश्न मिटला. कारखान्यात या कामाला म्हणे कित्येक महिने चाचण्या घेतात. रिकामटेकडे लोक!

थोडा हिशोब मांडतो, राग नसावा. स्प्रिंगचे कामाचे वेढे जितके कमी, तितकी ती कडक. सहातून दीड गेला की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने कडक होते. इथवर आपले बरोबर. पण तिला दबायला जी जागा होती, तीही आपण त्याच वेढ्यांबरोबर भंगारात टाकलीत. शॉकप बिचारा जुन्या स्प्रिंगच्या मापाचा. त्याचा दांडा आता उभ्या गाडीतच बराचसा आत गेलेला असतो. खड्डा आला की थेट बंप स्टॉपवर आदळतो, आणि त्या क्षणी आपल्या गाडीत आणि हातगाडीत फरक उरत नाही.

‘गाडी खाली म्हणजे वळणावर चिकटून चालणार,’ असे आपण पार्किंगमध्ये पोरांना सांगत होतात. आपल्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत. तिथे गाडी खाली आली की लोअर आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त घसरतो. म्हणजे कलायला तरफ उलट लांब मिळते. स्प्रिंग कडक झाली म्हणून हे चटकन जाणवत नाही, इतकेच. चाके वरून आत झुकल्यामुळे टायर आतल्या कडेने खाल्ले जातील ते वेगळे. पण आतली कडा दिसते कोणाला? शर्यतीच्या गाड्या खाली असतात, कबूल. त्यांच्या स्प्रिंगा, शॉकप आणि आर्म एकमेकांच्या हिशोबाने बेतलेले असतात, आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर नसतो.

आपण राहतो पुण्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपली गाडी त्यावरून कदाचित गेलीही असती. पण आपल्या कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. परवा तिथे मोठा सोहळा झाला. आपले दोन मित्र उतरले. मातोश्री भाजीची पिशवी सांभाळत उतरल्या आणि चालत पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मग आपण स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी तिरपी घातलीत, एकेक चाक चढवलेत, तरी चेंबर खरवडल्याचा आवाज आमच्या गॅलरीत आला. मागे पीएमपीची बस, चार रिक्षा आणि एक टँकर हॉर्न वाजवत होते. वेगाची एवढी हौस असलेला माणूस वॉर्डातला सर्वांत सावकाश वाहनचालक झाला, याचे आम्हा ज्येष्ठ नागरिकांना कौतुकच आहे. रस्ता ओलांडायला तेवढीच सवड मिळते.

कायद्याचे फारसे मनावर घेऊ नका. नियमबाह्य फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, एवढेच.

आता थट्टा बाजूला ठेवून एक विनंती. स्प्रिंगचे टोक खालच्या वाटीत नेमके बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसतेच असे नाही. गाडी सपाट जागी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक मोकळे लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरते का ते पाहा. फिरत असेल, तर चाक उसळले की ती जागा सोडू शकते, तेही चालत्या गाडीत. अशा वेळी पुन्हा ग्राइंडरवाल्याकडे जाऊ नका. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवा, अलाइनमेंट करून घ्या, आणि तोवर मातोश्रींना रिक्षाने पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ए विंग, पहिला मजला, कोपऱ्याकडची गॅलरी