आमच्या जिभेची जमाबंदी

महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी करून, त्यांपैकी वीस वर्षे धाराशिवच्या कचेरीत एकाच खिडकीपाशी बसून निवृत्त झालेल्या मनुष्याची जीभ ही सर्वस्वी चहाच्या मालकीची असते, हे सिद्ध करण्यास कोणत्याही पंचनाम्याची आवश्यकता नसावी. अर्जाबरोबर चहा, सुनावणीबरोबर चहा, आणि साहेब दौऱ्यावर गेल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ आणखी एक चहा, असा आमचा दिनक्रम. कॉफी आमच्या घरी केवळ प्रसंगाने येई: मुलगी पाहावयास पाहुणे आले असता, घरात कुणास कणकण वाटत असता, किंवा वडिलांचे एखादे हैदराबादचे स्नेही उतरले असता. निम्मे दूध, निम्मे पाणी, सढळ हाताने साखर, चिमूटभर पूड आणि त्यावर किसलेले जायफळ, अशी तिची सिद्धता असे. कॉफीने झोप उडते असे मी पुस्तकांत वाचले होते. आमच्या घरची कॉफी घेतलेले पाहुणे मात्र अर्ध्या घटकेत लोडाला टेकून घोरू लागत, आणि वधूपरीक्षा बहुधा दुसऱ्या दिवसावर तहकूब होई.

अशा या निष्पाप जिभेस गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या भाच्याने चौकशीसाठी बोलावले. ‘मामा, तुम्हाला कॉफी आवडते असं तुम्ही म्हणता, पण कोणती आवडते ते तुम्हालाच ठाऊक नाही,’ असा गंभीर आरोप ठेवून त्याने मला एका गल्लीतील कॉफी भाजणाराच्या दुकानी हजर केले. भाजणारा जेमतेम तिशीचा, दाढी राखलेला, नम्र तरुण होता. भाजणे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे तप्त वाळूच्या कढईत झारा फिरवणारा, घामाने निथळणारा फुटाणेवाला उभा राहतो. येथे त्याच्या जागी एक फिरता लोखंडी पिंप आणि त्यावर उष्णमान दाखविणारे तांबडे आकडे होते.

मात्र पिंपाच्या छोट्या भिंगातून आत जे चालले होते ते पाहून मी खुर्ची पुढे ओढली. कच्ची बी हिरवट-राखी, गवतासारख्या वासाची. ती पाहता पाहता पिवळी झाली आणि दुकानभर आमच्या शेतावरील कडब्याच्या गंजीचा वास दरवळला. पुढे ती दालचिनीच्या रंगावर आली, आणि आकडा दोनशे अंशांच्या आसपास पोचताच आतून ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. ‘हा पहिला तडका,’ तरुण म्हणाला, ‘येथून पुढे एकेक सेकंद मोलाचा.’ भाजून काढल्यावर किलोमागे जवळजवळ दीडशे ग्रॅम वजन घटते, हेही त्याने सांगितले. इतकी तूट आमच्या धान्य गोदामात आढळली असती तर गोदामपालास निलंबित करून त्याची खातेनिहाय चौकशी लावली असती. येथे मात्र तिच्याबद्दल गिऱ्हाईक वरचा भाव देते.

मग मालाचा इतिहास निघाला. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळुरूजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. आज देशाच्या कॉफीपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात पिकते. सात बियांच्या त्या आयातीस परवाना अगर दस्तक होते काय, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. परंतु पुण्यपुरुषाची तपासणी निवृत्त कारकुनाने करू नये, म्हणून मी गप्प राहिलो. महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे, हे ऐकून मात्र खात्याचा मनुष्य या नात्याने मला शरम वाटली. इतकी वर्षे पीकपाहणीचे तक्ते भरले, पण कॉफीचा रकाना कधी दिसला नव्हता.

सर्वांत अधिक घोटाळा मलबारी मालाने केला. गलबतांच्या काळात कॉफी महिनोन् महिने समुद्रावर राही, दमट हवेने फुगे, फिकी पडे, आणि युरोपातील लोकांना तीच चव लागली; पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी लवकर पोचू लागल्या आणि ती चव हरपली, म्हणून आता पश्चिम किनाऱ्यावरील उघड्या वखारींतून बिया पसरून त्यांना मुद्दाम मोसमी वारे पाजतात. आमच्या मोंढ्यात ओल धरलेल्या सोयाबीनचा भाव अडत्या पोत्याला हात लावण्याआधीच पाडतो. आणि जेथे पाऊस कलेक्टरसाहेबांच्या भेटीप्रमाणे पूर्वसूचनेने येऊन पाच मिनिटांत परततो, त्या जिल्ह्यातील मनुष्यास पावसाने फुगवलेल्या मालाला जादा दाम मिळतो ही बातमी पचविणे सोपे नव्हते.

यानंतर माझी परीक्षा झाली. चार वाट्यांत पूड घालून गरम पाणी ओतले, चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने मोडली, आणि तरुण म्हणाला, ‘काका, आता मोठ्याने भुरका मारा. जितका आवाज मोठा, तितकी चव टाळूभर पसरते.’ बशीतून भुरका मारल्याबद्दल प्रथम आईची, मग सौभाग्यवतीची आणि आता सुनेची बोलणी मी साठ वर्षे मुकाट्याने सोसली आहेत. तीच क्रिया येथे शास्त्र ठरते हे कळताच मी असा भुरका मारला की रस्त्यावरील एक रिक्षावाला डोकावून गेला.

‘काय जाणवतं? ब्लूबेरी?’ त्याने विचारले. ब्लूबेरीशी माझी ओळख नाही. मी डोळे मिटून जबानी दिली: पहिलीत पिकलेले बोर, दुसरीत भाजलेला चिंचोका, तिसरीत गुऱ्हाळावरची काकवी, तळाशी थोडी करपलेली. तरुणाने हे सारे वहीत उतरवून घेतले. चौथ्या वाटीचा घोट घेताच माझे सारे बालपण जिभेवर आले आणि मी ठणकावून सांगितले, ‘ही खरी कॉफी!’

तरुण भाच्याकडे पाहू लागला. ‘काका, हिच्यात निम्म्याजवळ चिकोरी आहे,’ तो हळूच म्हणाला. कायद्याने अशा मिश्रणात किमान एक्कावन्न टक्के कॉफी असावी लागते. बाकीचे एका झाडाचे मूळ, भाजून दळलेले. झाडाचे चित्र त्याने दाखविले, निळसर फुले दाखविली, आणि मला एकदम खूण पटली. ही तर हकिमाची कासनी! आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत पेशकार होते, आणि वसुलीच्या दिवसांत पित्त खवळले की हकीम त्यांना कासनीचा अर्क देत. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट गेली, २०२३ साली उस्मानाबाद हे जिल्ह्याचे नावही गेले. कासनी मात्र चिकोरी असे नाव घेऊन वाण्याच्या पुडीतून आमच्या घरात बिनबोभाट वहिवाट करीत राहिली होती. सत्तर वर्षे मी ज्या चवीस कॉफी समजून मान दिला, तिची निम्मी मालकी यकृताच्या औषधाकडे होती आणि उरलेली जायफळाकडे.

निकाल मान्य करून मी साठ-चाळीसची पाव किलो पूड घेतली आणि लातूरच्या गाडीने परतलो. सौभाग्यवतींनी पुडी हुंगली, ‘वास बरा आहे हिचा,’ असे म्हणून दुधाचे पातेले चढविले, आणि मी तोंड उघडण्याआधी त्यावर अर्धे जायफळ किसले. त्या दुपारी आलेल्या व्याह्यांनी दोन-दोन कप घेतले आणि ते साडेपाचपर्यंत झोपले.