चोळमंडळ किनारा, सी फेसिंग, टायटल क्लिअर

शांत गाव, समोर समुद्र, मागे नारळाची बाग, ताबा लगेच. रविवारच्या पुरवणीतली अशी जाहिरात वाचून दापोली-गुहागरकडे गाडी काढणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तंजावरचे जुने व्यवहार जरूर चाळावेत. समुद्रकाठची मिळकत हातून कशी घालवावी, याचे सगळे प्रकार तिथल्या राजांनी स्वखर्चाने करून ठेवले आहेत.

पहिला करार भोसल्यांच्या आधीचा. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने तरंगमबाडीचा किनारा डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिला. वार्षिक भाडे ३,१११ रुपये. भाडेकरूने सामान लावण्याआधी किल्लाच बांधायला घेतला. (आपल्याकडे बाल्कनीला ग्रिल लावायलाही सोसायटीची ना-हरकत लागते.) १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरात स्थिरावले, तेव्हा गादीबरोबर हा भाडेकरूही पदरात पडला. पुढे १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि बंगालातले सेरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकले. भाडेकरूने परस्पर घर विकले, तेव्हा व्यंकोजींचे वंशज दुसरे शिवाजीराजे तंजावरच्या किल्ल्यातच राहत होते. कूळकायदा यायला अजून शंभर वर्षे होती.

मात्र खरा कसलेला विक्रेता म्हणजे याच भोसले घराण्यातला राजा सयाजी. १७३८ मध्ये गादी हातची गेली, तेव्हा त्याने पाँडिचेरीच्या फ्रेंच गव्हर्नर ड्यूमाशी बोलणी केली: मदत करा, कारैकाल घ्या. गादी मिळाली आणि राजेसाहेबांना कारैकाल एकदम आवडू लागले. बयाणा घेऊन फिरलेल्या मालकाचे पुढे काय होते, हे कुठल्याही एजंटला विचारावे. फ्रेंचांनी १७३९ मध्ये अर्काटच्या नवाबाचा जावई चंदासाहेब याच्याकरवी ताबा मिळवला. सयाजीची गादी पुन्हा गेली ती त्याच घराण्यातल्या प्रतापसिंहाकडे. दहा वर्षांनी हेच सयाजीमहाराज मद्रासच्या इंग्रजांकडे नवा प्लॉट घेऊन हजर: कोल्लिडम नदीच्या मुखावरचे देवीकोट्टै. इंग्रजांनी १७४९ मध्ये ते जिंकले. हल्ल्यात तरुण रॉबर्ट क्लाइव्हही होता. मग त्यांनी प्रतापसिंहाशीच तडजोड केली, देवीकोट्टै स्वतःकडे ठेवले आणि सयाजीच्या हाती पेन्शन टेकवली. ज्याने गिऱ्हाईक आणले, त्याला दलाली मिळाली एवढेच.

दुसऱ्या सरफोजींनी हे तुकड्यातुकड्यांचे प्रकरण १७९९ मध्ये मिटवले. तहाने सगळे राज्यच ईस्ट इंडिया कंपनीला दिले. स्वतःकडे किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. आजच्या भाषेत रीडेव्हलपमेंट: बिल्डरला इमारत, मालकाला एक फ्लॅट आणि दरमहा काहीतरी. फरक इतकाच की बिल्डरने १८५५ मध्ये, शिवाजीराजे पुत्र न ठेवता वारल्यावर, फ्लॅटवरही हक्क सांगितला.

सरफोजी विद्वान होते. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह त्यांनी केवढा वाढवला! पण बांधकामाची हौस निराळी. पट्टुकोट्टैच्या पुढे मल्लिपट्टिणमजवळ, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या उथळ किनाऱ्यावर, त्यांनी आठ मजली षट्‌कोनी मनोरा उभारला. समुद्र बघत निवांत पडावे अशी जागा. निमित्त? इंग्रजांचा विजय आणि बोनापार्टचे पतन, १८१४. तसा शिलालेखच आहे, त्यात मराठीही आहे. ज्या कंपनीने राज्य घेतले, तिच्या युरोपातल्या यशाप्रीत्यर्थ राजाने आठ मजले चढवावेत, हे सौजन्य जगाच्या इतिहासात सहसा सापडत नाही. नेपोलियनने सरफोजींचे काय बिघडवले होते, याचा खुलासा शिलालेखात नाही.

तरंगमबाडीत या सगळ्या खरेदीदारांना पुरून उरलेला एक दावेदार मात्र कधी रजिस्ट्रारकडे गेला नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या मासिलामणिनाथ मंदिराचा पुढचा भाग समुद्राने केव्हाच ओढून नेला, आणि २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तो सगळाच किनारा झोडपला. विक्रीच्या जाहिरातीत याला ‘लाटांच्या अगदी जवळ’ म्हणतात. गावातल्या जुन्या इंग्रज कलेक्टरच्या बंगल्याचे पुढे हॉटेल झाले. वर्षाला ३,१११ रुपयांचा दर आता कुणाला आठवत नाही; हॉटेलचे भाडे रात्रीच्या हिशेबाने, आणि नाश्ता त्यात धरलेला आहे की नाही ते आधी विचारून घ्यावे.