हिरवी आजी

आजीचा पोस्टकार्डाएवढा जुना फोटो मोठा करून छापायचा, एवढंच ठरवलं होतं. अंगावर चंद्रकळा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि स्टुडिओवाल्याने 'हलू नका' म्हटल्याचा राग चेहऱ्यावर जसाच्या तसा. स्कॅन झकास झाला. प्रिंटरमधून मात्र आजी हिरवी बाहेर आली.

"आजींना बरं नाही का?" बायकोने विचारलं.

खिडकीपाशी नेली तर किरमिजी झाली. घरच्या साध्या प्रिंटरकडे करडी शाई नसतेच. निळी, किरमिजी आणि पिवळी यांचे थेंब शेजारी-शेजारी टाकून तो करड्याचं सोंग आणतो. एकीचा हात जरा सैल पडला की सोंग उघडं, शिवाय ट्यूबलाइटखाली ते वेगळं आणि उन्हात वेगळं.

मग साध्या कागदावर 'फक्त काळी शाई' हा पर्याय निवडला. हिरवा गेला, पण आजीच्या गालावर कांजिण्या उठल्या. उजळ भागात एकट्या काळ्या शाईने ठिपके विरळ टाकण्यापलीकडे करायचं तरी काय? म्हणून चकचकीत कागद आणला, तर पुन्हा हिरवी. आमच्या प्रिंटरची काळी शाई अक्षरं छापण्यासाठी. चकचकीत कागदावर ती मुरत नाही, बोटाला लागते. त्यामुळे यंत्र तिला गुपचूप बाजूला बसवतं आणि रंगीत तिघींना बोलावतं. मला न विचारता!

शौकीन लोकांचे प्रिंटर निराळे. एप्सनने २००५ साली काळ्या शाईचे तीन डबे असलेला संच आणला: काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी. आजीला हे लगेच पटलं असतं. चंद्रकळा घेताना ती दुकानदाराला चार लुगडी पायरीवर उन्हात आणायला लावायची. "हा तांबूस काळा. हा निळसर. हा काळा म्हणायचा, पण धुतल्यावर बघा." दुकानदार घामाघूम.

तसला प्रिंटर घ्यायची माझी ऐपत नाही. नुसत्या शाईच्या डब्यांची किंमत बघूनच मी हिरवा झालो. शेवटी जुनी युक्ती केली: चित्राला मुद्दाम किंचित तपकिरी छटा दिली. मुळातच थोडा रंग असला की चोरून आलेला रंग डोळ्यांत खुपत नाही. आजी चहाच्या पाण्यातून काढल्यासारखी दिसू लागली, पण निदान तब्येत सुधारली. शाई वाळताना रंग जरा सरकतो, म्हणून रात्रभर हात लावला नाही. सकाळी गॅलरीत, आजीच्याच पद्धतीने, उन्हात धरून पाहिली. चंद्रकळा छान काळी उतरली होती.

आईला दाखवली. तिने चष्मा चढवला, बराच वेळ निरखलं.

"चंद्रकळा कुठली रे? सासूबाईंचं हे लुगडं हिरवंगार होतं."