बंद म्हटलं की बंद होईल तर शपथ!

काय म्हणालात वहिनी? आमच्या वरच्या खोलीत रात्रभर उजेड असतो? समोरच्या बाईंनी सांगितलं ना? वाटलंच मला. त्यांनी अख्ख्या गल्लीत उठवलंय की आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर शेअर बाजार धरलाय, तोही अमेरिकेचा, म्हणून रात्री जागतात! अहो, कसला अमेरिकेचा बाजार, साडेदहाला हे घोरत असतात. जागा असतो तो कॉम्प्युटर.

झोपायच्या आधी हे नेमाने शटडाऊन करतात. पडद्यावर टिपक्यांचं ते चक्र फिरायला लागलं की दिवा घालवून खाली येतात. वर हा पठ्ठ्या गरगरत बसतो, बसतो, आणि बंद व्हायचं सोडून पुन्हा सुरू होतो. सकाळी बघावं तर पासवर्ड मागत उभा. त्यात मॅच बघताना मध्येच अंधार होतो म्हणून ह्यांनी स्क्रीन कधीच बंद होणार नाही असं करून ठेवलंय. मग दिसणारच ना उजेड समोरच्यांना!

आता आपल्याकडे सल्ल्याला काय तोटा? हे म्हणाले व्हायरस. लेकाचं फोनवर एकच पालुपद, नवा घ्या. दुकानातला मुलगा आला तो कॅबिनेट न उघडताच म्हणाला, ‘एसएमपीएस गेलाय, नाहीतर फॉरमॅट मारू.’ डोक्यात उवा झाल्या म्हणून टक्कल करायचं म्हणे! मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शेवटी नणंदेची लेक आली. तिने माउसला हातही लावला नाही. म्हणाली, ‘मामी, शटडाऊन कर आणि नुसता पंख्याचा आवाज ऐक.’ बघा वहिनी, इथेच सगळी मेख आहे. पंखा पूर्ण थांबला, दिवे गेले आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप उठलं, तर त्याला बाहेरून कोणीतरी उठवतंय. लॅनची वायर असेल, कीबोर्ड असेल, नाहीतर पॉवरचं बटण आत रुतलं असेल. पण पंखा थांबायच्या आत परत कंपनीचं चिन्ह आलं, तर बंद होता होताच काहीतरी कोलमडतंय.

आम्ही तिघं त्या पडद्यापुढे उभे. टिपके फिरतायत, फिरतायत. दहा मिनिटं गेली असतील. ह्यांनी पेपर उघडला. आणि एकदम डोळ्याचं पातं लवेपर्यंत पडदा निळा झाला, लगेच कंपनीचं चिन्ह! भाची ओरडलीच, ‘दिसलं? क्रॅश झालं ते!’ तर गंमत अशी की विंडोजला मुळातच सांगून ठेवलेलं असतं, क्रॅश झालास तर आपलं आपण रिस्टार्ट हो. म्हणजे दुखणं आत कुठेतरी आणि आपण बघतो ते वरचं पांघरूण. निळ्या पडद्यावर कारण लिहिलेलं असतं, पण ते वाचायच्या आतच सगळं पुसून हा ताजातवाना.

मग तिने ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’, आणि त्यात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’. तिथे ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ला बरोबरची खूण होती, ती काढली. पुढच्या खेपेला निळा पडदा आला तो तसाच राहिला. वर रडका चेहरा, खाली ओळ: ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’. (आता नव्या विंडोज ११ मध्ये तो पडदा काळा केलाय. रंग बदलून काय साधलं देव जाणे.)

त्याचा अर्थ ऐका. बंद व्हायच्या आधी विंडोज एकेका उपकरणाला विचारतं, तुझी वीज काढू का? प्रत्येकाच्या ड्रायव्हरने ‘हो, काढ’ म्हणायचं असतं. एखादा मख्खपणे गप्प बसला की विंडोज वाट बघतं आणि शेवटी हात टेकतं. आमच्यात हा गप्प बसणारा कोण निघाला माहितीये? मागे खोचलेलं वायफायचं बोटभर डोंगल! भाचीने ते उपटलं आणि शटडाऊन केलं. चक्र दोनदा फिरलं न फिरलं, पंखा थांबला. परत लावून बघितलं, की तेच रडगाणं. मग डोंगल बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला, आता सगळं सुरळीत. दुकानातल्याचा एसएमपीएस? तो कमजोर असता तर बहुधा भरदिवसा काम चालू असताना बंद पडला असता, रोज नेमका शटडाऊनच्या वेळी नव्हे. ती बरोबरची खूण मात्र मी परत लावू दिली नाही. बिघडलंय तर बिघडलंय म्हणून तोंडावर सांगावं.

मला जुने कॉम्प्युटर आठवतात हो. विंडोज ९५ मध्ये काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरात यायचं, आता बंद करायला हरकत नाही. मग खटका आपण दाबायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली, तेव्हापासून खटका सॉफ्टवेअरच्या हाती गेला. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर आत पाच व्होल्ट चालूच असतात, कोणी हाक मारली तर उठायला.

आणि लॅपटॉपचं तर विचारूच नका. मी रोज शटडाऊन करते, तरी भाचीने टास्क मॅनेजर उघडून ‘अपटाइम’ दाखवला तर दोन-तीन आठवडे! विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप आलंय. शटडाऊन म्हटलं की विंडोजचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तोच उचलून आणतात. उलट रिस्टार्टला सगळं कोरं सुरू होतं. खरंखुरं बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरायची आणि मग शटडाऊन.

तुमचा वेगळा प्रकार आहे वहिनी. भावजी रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात आणि सकाळी ते लावलं की कॉम्प्युटर न सांगता सुरू होतो, असंच ना? गुरुवारी लाईट जाऊन आली की पण? मग तुमच्या विंडोजचा काही दोष नाही. बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ असं काहीतरी असेल, वीज परत आल्यावर काय करायचं ते सांगणारं. ते ‘पॉवर ऑफ’ करायचं. बायोसमध्ये शिरायला कोणती कळ ते कंपनीवर असतं, डिलीट नाहीतर एफ टू. सुरू होताना पहिल्या पडद्यावर लिहिलेलं असतं, फक्त भावजींना चष्मा लावून बसवा.

रविवारी भाची येणार आहे, पाठवते तुमच्याकडे. पैसे? छे हो! अळूवडी करा, तिच्या सासरी कोणी करत नाही. आणि समोरच्या बाई भेटल्या तर सांगा, अमेरिकेचा बाजार रात्री साडेदहाला बंद झाला म्हणून.