आम्ही भूमध्यवाले

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली आणि यवतमाळच्या नोकरदार वर्गात देशप्रेमाची लाटच आली. शनिवार, रविवार, सोमवार. संक्रांतीच्या तीळगुळाबरोबरच गल्लीत एक प्रश्न फिरू लागला : "मग, कुठं जाऊन राहिले?" याला "कुठंच नाही" असं उत्तर देणाऱ्याकडे लोक बँकेने घरावर नोटीस लावलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात.

बायकोने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पांढरीशुभ्र घरं, त्यांवर निळे घुमट, खाली निळं पाणी.

"सँटोरिनी," ती म्हणाली. "मेडिटेरेनियन."

"म्हणजे भूमध्य," मी शाळेतला भूगोल बाहेर काढला. "जमिनीच्या मधोमध असलेला समुद्र. त्या हिशेबाने आपणच खरे भूमध्य. फक्त समुद्र तेवढा द्यायचा राहिला."

ही नुसती कोटी नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहा. यवतमाळपासून सरळ रेषेत अरबी समुद्र साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर, आणि बंगालचा उपसागरही जवळपास तेवढाच. विदर्भाचा अनुशेष म्हणतात तो हाच असावा.

शेवटी तडजोड झाली. अलिबागला 'मेडिटेरेनियन व्हिला' नावाचा प्रकार भाड्याने मिळतो, असा शोध बायकोने लावला. फोटोत पांढऱ्या भिंती होत्या, निळा घुमट होता. पासपोर्ट लागत नव्हता. भाडं मात्र पासपोर्ट लागावा असं होतं.

शेजारचे काका म्हणाले, "घाई काऊन करता? शक्तिपीठ महामार्ग होऊ द्या. नागपूर ते गोवा आठ तासांत." आता काका सत्तरीचे आहेत आणि आशावादी आहेत. ज्यांच्या वावरातून तो रस्ता जायचा आहे, त्यांना गोव्याला आठ तासांत पोचण्याची काही घाई नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

शनिवारी पहाटे निघालो. दारव्हा रोडला एका जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एका गाडीत कापसाच्या ढिगावरच एक जण तोंडावर दुपट्टा ओढून झोपला होता. आमच्या हेडलाइटच्या उजेडात त्याचा फक्त एक पाय दिसला, टाचेला भेगा, अंगठ्याला कापूस चिकटलेला. पुढे रस्त्याकडेच्या झुडपांत शकुंतलेचे रूळ अधूनमधून दिसले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रज कंपनीने ही ११३ किलोमीटरची चिमुकली गाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला नेली, ती आपल्याला फिरवायला नव्हे, कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापुरात मोठ्या गाडीत बसायचा, मुंबईत बोटीवर चढायचा आणि १८६९ साली खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून थेट भूमध्य समुद्रात शिरायचा. पुढे मँचेस्टर. म्हणजे आमच्या आजोबांच्या कापसाने सँटोरिनीच्या दक्षिणेचं पाणी बघितलं. आजोबांनी मूर्तिजापूरच्या पुढचं काही पाहिलं नाही.

कारंज्याला समृद्धीवर चढलो. या महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण त्यावर काही घडत नाही. ७०१ किलोमीटर काँक्रीट, किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे टोल, ताशी १२० ची मर्यादा. वळण आलं की बायको मला उठवायची. म्हणजे जागं ठेवायची, असं म्हणू. इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदाही इतक्या चटकन संपला की तिचा व्हिडिओ अर्धवट राहिला. पाचशेवर किलोमीटर सहा तासांत मारून दुपारी दीडच्या सुमारास आम्ही आमणेला उतरलो. तिथे समृद्धी संपते आणि महाराष्ट्र सुरू होतो.

पुढचे सव्वाशे किलोमीटरही आम्ही सहाच तासांत केले. भिवंडीत एका कंटेनरच्या मागे इतका वेळ उभे होतो की त्यावरची शायरी तोंडपाठ झाली. वडखळला अंधार पडला. २०११ पासून ज्या मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे तो प्रत्यक्ष बघायला मिळाला, हे भाग्य वेगळंच. आजूबाजूच्या गाड्यांत एमएच २९ दिसली की आम्ही हात करायचो. तासाभरात तीनदा केला. चौथ्यांदा काच खाली करून समोरच्याने विचारलं, "दादा, तुम्ही आर्णी रोडचे ना?"

व्हिलावर पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. समुद्र नुसता ऐकू आला. "सकाळी पाहा," म्हणून व्यवस्थापकाने किल्ली दिली आणि सावकाश सांगितलं, "पाणी जरा जपून वापरा. टँकर उद्या येईल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळात ज्याने टँकरमागे बादली घेऊन धाव घेतली आहे, त्याला हे वाक्य परकं नाही. "टँकरच पाहायचा होता," ती म्हणाली, "तर आपलं वाघापूर काय वाईट होतं?"

सकाळी ती फोटो काढायला गच्चीवर गेली. घुमटाला एका बाजूने लोखंडी झडप होती. तिने ती उघडून पाहिली. आत काळी प्लास्टिकची टाकी, तिला दोरीने बांधलेला बॉलकॉक, आणि तळाशी वीतभर पाणी. सँटोरिनीचे ते निळे घुमट चर्चचे असतात, असं मी वाचलेलं तिला सांगितलं. "इथलाही देवच आहे," ती म्हणाली आणि झडप लावली.

टँकर अकराला आला. आंघोळी, जेवण, भाड्याचे पैसे वसूल व्हावेत म्हणून काढलेली एक झोप, असं करत आम्ही समुद्रावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे घोडागाडीने, नाहीतर पायीही जाता येतं. आता मध्ये पाणीच पाणी होतं.

"आज तिथी कंची?" टांगेवाल्याने विचारलं.

"रथसप्तमी."

"सात. सातची पाऊणपट करा. सव्वापाचला भरती. सकाळी अकराला यायचं होतं." सकाळी अकराला आम्ही टँकरचा पाइप धरून उभे होतो. किल्ल्यात समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, हेही त्याने सांगितलं. हे ऐकून आमच्या शेजारी उभं असलेलं एक कुटुंब एकदम गप्प झालं. तेव्हाच मी ओळखलं, आपल्याकडचे.

निघाले दिग्रसचे. रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि दोन्ही बायकांनी करंडा आठवणीने आणलेला. वाळूत सतरंजी पडली. तीळगूळ निघाला, वाण म्हणून आमच्याकडून चहाची गाळणी गेली, त्यांच्याकडून साबणदाणी आली. आणखी दोघी आल्या, एक वणीची, एक पुसदची. समुद्राकडे पाठ करून चौघींनी सिमेंट रोडपासून सुनांपर्यंत सगळे विषय घेतले. एक लाट सतरंजीपर्यंत आली, तेव्हा पुसदच्या बाई तिला "थांब बाप्पा जरा" म्हणाल्या.

टांगेवाला मला इस्रायल आळीबद्दल सांगत होता. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेले, कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी बैल सोडणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. अश्दोद नावाचं शहर आहे, तिथेही त्यांची वस्ती आहे. अश्दोद भूमध्य समुद्राच्या अगदी काठावर. तिथले म्हातारे आजही घरात मराठी बोलतात. म्हणजे अलिबागचे लोक भूमध्य समुद्राकाठी जाऊन अलिबागची आठवण काढतात, आणि अलिबागेत आम्ही भूमध्याचं भाडं भरतो. "अलिबाग से आया है क्या" या वाक्प्रचाराविरुद्धची याचिका उच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळली होती. मला वाटतं, आमच्याविरुद्ध मात्र एखादी दाखल करून घ्यायला हरकत नाही.

सव्वासहाला सूर्य बुडायला आला. समुद्राबरोबर आमचा एकूण सहवास, सतरंजीचा वेळ धरून, सव्वा तास. सोमवारी पहाटे पाचला परत निघालो, कारण मंगळवारी ऑफिस.

बायकोचं मात्र समाधान झालं नाही. बुधवारी तिने पेंटर बोलावला. आमच्या गच्चीवरच्या टाकीभोवती त्याने तारेची जाळी, वरून सिमेंट, पांढरा चुना आणि वर निळा रंग मारला. मारता मारता त्याने विचारलं, "मंदिर करून राहिले का जी?"

"मेडिटेरेनियन," बायको म्हणाली.

पेंटरने मान डोलावली. शनिवारी सकाळी खाली दूध घ्यायला गेलो, तर आमच्या गच्चीकडे पाहून दोन म्हाताऱ्या हात जोडून पुढे गेल्या. फाटकापाशी कुणीतरी नारळही ठेवला होता.