घरबसल्या मुक्त सॉफ्टवेअरवाले व्हा

हे मार्गदर्शन अगदी नवशिक्यांसाठी आहे. संगणकाचं ज्ञान असलंच पाहिजे असं नाही; ठाम मत असलं की भागतं. साहित्य फारसं लागत नाही: घरच्यांनी भंगारात काढलेला एक लॅपटॉप, एक पेनड्राइव्ह आणि एक रविवार. एका रविवारात काम होतं असं सगळे सांगतात. सांगोत बापडे.

सुरुवात पाठांतरानं करावी. पंथ म्हटला की उत्पत्तीची कथा आलीच. आपली कथा कागद अडकणाऱ्या प्रिंटरची आहे. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यानं अशी सोय करून ठेवली होती की, कागद अडकला की रांगेत काम असलेल्यांना निरोप जायचा आणि कोणीतरी उठून तो कागद काढायचं. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तोही अडकायचा, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखित प्रत, कंपनीनं दिला नव्हता. दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे तो होता, पण गुप्ततेच्या करारावर सही केल्यामुळे त्यानं द्यायला नकार दिला. स्टॉलमनला जे लागलं ते लागलं. 1983 मध्ये त्यानं ग्नू प्रकल्प जाहीर केला, म्हणजे ज्याचा कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा असं मुक्त सॉफ्टवेअर, आणि 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याला हवा असलेला गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला; तोच लिनक्स. ही कथा पाहुण्यांना सांगताना चहा येण्याआधी 1991 पर्यंत पोचायचं. चहानंतर कोणी थांबत नाही.

आता प्रचाराचं पहिलं पथ्य: ‘फुकट आहे’ असं चुकूनही म्हणू नका. आपल्याकडे हा मुद्दा कधी चाललाच नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा तापकीर गल्लीत पीसी जोडून घेतला की दुकानदार विंडोज, ऑफिस आणि फोटोशॉप न मागता घालून द्यायचा, भाजीवाला वर कोथिंबीर-मिरची घालतो तसं. युरोपात लिनक्सची स्पर्धा महागड्या मालाशी असेल. इथे ती दुसऱ्या फुकट मालाशी होती, आणि तो माल शेजारच्या पोरालाही चालवता यायचा. कॅनॉनिकल कंपनी एके काळी मागेल त्याला उबुंटू नावाच्या लिनक्सच्या सीड्या पोस्टानं घरपोच पाठवायची. 2011 मध्ये ती योजना बंद झाली. तोवर आलेल्या कित्येक सीड्या गॅलरीत दोऱ्याला टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. कबुतरं लिनक्सला घाबरतात, एवढाच त्या मोहिमेचा निर्विवाद निष्कर्ष.

संगणकावर लिनक्स घालण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण आता ती खरोखरच सोपी झाली आहे आणि जुन्या लोकांना त्याचं थोडं वाईट वाटतं. पूर्वी संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर लिनक्स चालू करून देणाऱ्या ‘लिलो’ या प्रोग्रामचं नाव एकेक अक्षर उमटायचं. ‘लि’ येऊन गाडी अडली की समजायचं, दुपार गेली. असा एखादा किस्सा उसना घेऊन ठेवा, चारचौघांत पत राहते.

यानंतर गिऱ्हाईक निवडावं. घरचे लोक नकोत, ते तुम्हाला ओळखतात. सरकार गाठायचा मोह होईल. म्युनिकच्या महापालिकेनं 2003 मध्ये लिनक्सकडे वळायचं ठरवलं, वर्षानुवर्षं खपून हजारो संगणक बदलले आणि 2017 मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. केरळनं मात्र शाळांमध्ये हे काम टिकवलं. का टिकलं म्हणाल, तर तिथे शिक्षकांना शिकवायला माणसं नेमली. हे कंटाळवाणं उत्तर आहे, प्रचारात वापरू नये.

नवशिक्यानं कोपऱ्यावरचा डीटीपीवाला धरावा. तो लग्नपत्रिका, उखाण्यांची पुस्तकं, कार्यअहवाल असं सगळं करतो, आणि त्याच्या संगणकात पेजमेकरची कोणती आवृत्ती आहे हे त्याच्या वडिलांना विचारावं लागतं. त्याला असं विचारा: “दादा, ही फाइल वीस वर्षांनी उघडेल का?” तो मान वर न करता सांगेल, “साहेब, लग्न एकवीस तारखेला आहे.”

इथे नवशिके हार मानतात. तुम्ही एक खुर्ची ओढून बसा आणि त्याच्याकडची जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची रांगोळी दिसेल. त्याचं कारण साधं आहे. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःची ठरलेली घरं देणारं युनिकोड येण्याआधीच्या बहुतेक मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या घरांमध्ये आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे: एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा म. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाँट गेला की मजकूर गेला. असे किती दिवाळी अंक, स्मरणिका आणि गावांचे इतिहास फ्लॉप्यांमध्ये आणि सीड्यांमध्ये पडून आहेत! त्यांच्यावर कोणी बंदी घातली नाही की कोणी ते जाळले नाहीत. मला विचाराल तर मराठी माणसाला मुक्त सॉफ्टवेअर पटवायला प्रिंटरपेक्षा ही गोष्ट शंभर पटींनी बरी.

युनिकोड आल्यावरही ‘दऱ्याखोऱ्या’ नीट दिसायला वेळ लागला. त्या आडव्या पडलेल्या र साठी कोणीतरी त्रुटी नोंदवल्या, कोणीतरी फाँटात दुरुस्ती केली. लोहित हा फाँट रेड हॅटनं मुक्त परवान्यावर दिला. मुंबईच्या एक टाइपनं मुक्ता आणि बलू दिले. आमच्या डीटीपीवाल्याच्या नव्या पत्रिकेत बलूच होता. त्याला कळवू नका, तो पैसे लागतात का विचारेल आणि नाही म्हटलं की संशय घेईल.

पुढचा भाग विजयोत्सवाचा. आकडे तोंडावर असू द्या: जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर 2017 पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. ज्या मायक्रोसॉफ्टचे प्रमुख 2001 मध्ये लिनक्सला कर्करोग म्हणाले होते, तिनंच 2018 मध्ये गिटहब हे प्रोग्रामरांचं कोड ठेवायचं संकेतस्थळ विकत घ्यायला साडेसात अब्ज डॉलर मोजले. टाळ्या घ्या आणि लगेच विषय बदला. नाहीतर समोरच्या काकू फोन पुढे करून विचारतील, “मग अरे, हे विकत घेताना आलेलं जुगाराचं अ‍ॅप काढता का येत नाही मला?” कोड मुक्त आहे, काकू नाहीत. त्याचं उत्तर कुठल्याही परवान्यात लिहिलेलं नाही आणि आमच्या पिढीनं ते शोधलंही नाही. आम्ही कंपन्यांना उत्तम दर्जाचा फुकट कच्चा माल पुरवला आणि त्याला क्रांती म्हणालो. असो.

फुकट काम करणाऱ्याला त्रास कसा द्यावा, हे तंत्र मात्र प्रत्येकाला यायला हवं. नोकरी सांभाळून रात्री कोणी एखादा छोटा प्रोग्राम जपत असेल, तर त्याला ‘प्रकल्प मेला का?’ असं विचारावं. उत्तराला दोन दिवस लागले की ‘जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असं सुनवावं. हे मी मनचं सांगत नाही. एक्सझेड नावाचं फाइली दाबून लहान करणारं साधन असंच एक माणूस बिनपगारी सांभाळत होता. अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणलं, आणि मदतीला आलेल्या ‘जिया तान’ नावाच्या एका सज्जनानं दोनेक वर्षं खपून विश्वास मिळवून त्यात चोरवाट बसवली. ती पकडली आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं, मार्च 2024 मध्ये. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्याशा गोष्टीवरून. अजून थोडं उशिरा कळलं असतं तर जगभरच्या सर्व्हरांवर ती चोरवाट पोचली असती. त्याच्या दहा वर्षं आधी हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली त्रुटी निघाली तेव्हा कळलं होतं की, निम्मं जग ज्याच्या भरवशावर कुलपं लावतं त्या ओपनएसएसएलला देणग्या मिळायच्या वर्षाला दोनेक हजार डॉलर.

पैसे पाठवायचं कोणी म्हणालं की ‘तत्त्वतः’ पाठिंबा द्यावा. तो मोफत आहे.

उरला शेवटचा अभ्यास, ऐच्छिक: त्रुटी नोंदवणं. ‘चालत नाही’ असं लिहू नये. आवृत्ती कोणती, आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे ओळीनं लिहावं. पडद्याचं चित्र जोडावं, आपल्या बँकेचं पान त्यात दिसत नाही ना ते पाहून. आठवड्याभरात उत्तर येईल आणि त्यात उलट तुम्हालाच तीन प्रश्न असतील. त्यांची उत्तरं द्या.