पीयूसीत पहिल्या नंबराने पास झालेल्या गाडीच्या मालकांस

प्रति,
गाडीचा इजीआर काढून घेऊन सुखी झालेले समस्त डिझेल कारमालक

विषय : काढलेल्या भागाचे कार्य, तो काढण्याची रीत आणि त्याबद्दल मिळालेले प्रमाणपत्र

इजीआर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवणारी व्यवस्था. तिच्यात धूर सोडणारा किंवा अडवणारा व्हॉल्व्ह, तो धूर थंड करणारा कूलर आणि जोडणारी नळी असते. हा धूर इनटेक मॅनिफोल्डमध्ये ताज्या हवेत मिसळतो. त्यात ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. म्हणून तो स्वतः जळत नाही, उलट उष्णता शोषून घेतो. निखाऱ्यांवर राख सारली की विस्तव राहतो आणि धग उतरते, तसेच सिलिंडरात होते. गाडी संथ चालत असताना छोट्या डिझेल इंजिनात आत जाणाऱ्या वायूपैकी कधी कधी निम्म्यापर्यंत हाच धूर असतो. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॉल्व्ह बंद होतो. हे शेवटचे वाक्य मालकांनी लक्षात ठेवलेले बरे, पुढे उपयोगी पडेल.

धग उतरवण्याचे कारण नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के असतो आणि एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. ज्वालेचे तापमान साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मात्र तो ऑक्सिजनशी संसार थाटतो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स, म्हणजे नॉक्स, तयार होतात. ही प्रक्रिया सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४०च्या दशकात उलगडून दाखवली. बाहेर पडलेला नॉक्स उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रसायन आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. हा नॉक्स आवरायला अमेरिकेत १९७३च्या मॉडेलांपासून इजीआर सर्रास बसू लागला. मालकांच्या मते तो कंपन्यांनी सर्विस सेंटरचे पोट भरण्यासाठी शोधून काढला. दोन्ही मते नोंदवून ठेवली आहेत.

पेट्रोल गाडीत नॉक्स आवरायला थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक उरतो, त्यामुळे तो उपाय तिथे चालत नाही. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन घ्यावे : रांजणगाव आणि मानेसर इथे बनलेले, स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा गाड्यांत बसलेले, लोकांनी 'राष्ट्रीय डिझेल इंजिन' म्हणून मिरवलेले. बीएस-४ नियमानुसार अशा कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नॉक्स सोडण्याची मुभा होती. ती मर्यादा पाळायला त्या काळच्या या इंजिनाकडे मुख्य साधन एकच होते, आणि ते सध्या भंगारवाल्याकडे आहे.

आता हा भाग इतका बदनाम का झाला ते. परत येणाऱ्या धुरात काजळी असते, इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाचा धुरळा येतो आणि दोन्ही मिळून डांबरासारखा काळा थर व्हॉल्व्हवर बसतो. गॅरेजमध्ये याला सरसकट 'कार्बन' म्हणतात. घर ते ऑफिस चार किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत, असा रोजचा क्रम असला की इंजिन नीट तापतच नाही आणि थर भरभर चढतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला की गाडी ओढत नाही, काळा धूर ओकते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि ऐन घाटात गाडी लिम्प मोडमध्ये जाते. मागे ट्रक, पुढे वळण, पायाखाली अॅक्सिलरेटर आणि गाडी ढिम्म. वरून सर्विस सेंटरचे पाच आकडी इस्टिमेट : व्हॉल्व्ह बदला, कूलर बदला, 'सर, हा पार्ट रिपेअर होत नाही'. होतो. पुष्कळदा व्हॉल्व्ह खोलून, कार्बन क्लीनर मारून, ब्रशने साफ करून, नवे गॅस्केट घालून अर्ध्या दिवसात गाडी ताळ्यावर येते. हे ज्या मालकाला काउंटरवर कोणी सांगितले नाही, त्याने चिडून समोरच्या गॅरेजची वाट धरली तर त्याला नावे ठेवायला जीभ रेटत नाही. पहिला गुन्हेगार तो काउंटर आहे.

काढण्याची रीत सोपी आहे. नळी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पोलादी पत्री बसवून वाट बंद करतात. याला 'ब्लँक करणे' म्हणतात. एवढ्यावर भागत नाही, कारण धूर येत नसल्याचे इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळते आणि स्कॅनरवर पी०४०१ हा कोड उमटतो. मग कोणी पत्रीला बारीक भोक ठेवून सेन्सरला फसवतो, कोणी रीमॅप करून इजीआरचा हिशेबच सॉफ्टवेअरमधून पुसतो. काही ठिकाणी कूलर पूर्ण काढून कूलंटची वाट परस्पर जोडली जाते.

यानंतर मालकांना पिकअप सुधारल्याचे जाणवते. जाणवणारच, कालपर्यंत व्हॉल्व्ह उघडा अडकलेला होता. साफ केलेल्या व्हॉल्व्हनेही तेच जाणवले असते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इजीआर तसाही बंद असतो, तेव्हा नसलेल्या अडथळ्याच्या निर्मूलनातून वाढलेली ताकद ही श्रद्धेची बाब ठरते. वाढलेली टकटक मात्र खरी असते. पेट्रोल इंजिनात तर व्यवहार उलटाच : तिथे थंड केलेला इजीआर हवा खेचण्याचा खर्च आणि नॉकिंग कमी करून अॅव्हरेज सुधारतो. टोयोटाने २००९च्या प्रियसमध्ये तो मुद्दाम त्याच कामासाठी घातला.

इथवरचे सगळे क्षम्य होते. पत्र लिहावे लागले ते पीयूसीमुळे. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये इजीआर ब्लँक केलेल्या गाडीचे नवे पीयूसी आणि जुने पीयूसी शेजारी शेजारी बॉनेटवर ठेवून मालकांनी व्याख्यान दिले. धुराचा आकडा निम्म्यावर आला होता. 'प्रदूषण वाढतं म्हणणाऱ्यांनी हे बघावं,' असा समारोप झाला आणि श्रोत्यांपैकी दोघांनी त्याच गॅरेजचा नंबर घेतला.

आकडा खरा आहे, दुःख तेच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी ठेवून अॅक्सिलरेटर झटकन दाबतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. बीएस-४ गाडीला १.६२ ही मर्यादा. हे यंत्र काजळी मोजते. नॉक्स मोजत नाही. पेट्रोल गाडीच्या चाचणीतही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, नॉक्स नाहीच. उघड्या अडकलेल्या इजीआरची वाट बंद केली की सिलिंडरात ऑक्सिजन वाढतो, काजळी जास्त जळते आणि काळा धूर कमी होतो. त्याच वेळी तापमान चढते आणि नॉक्स वाढतो. डिझेलमधली ही ओढाताण इंजिनशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आढळेल. म्हणजे जे घडू नये म्हणून यंत्रणा बसवली ते मोजायचे नाही, तिने नाइलाजाने वाढवलेले तेवढे मोजायचे, आणि ती उपटून टाकणाऱ्याच्या हाती सरकारी छापाचा स्वच्छतेचा दाखला द्यायचा. मालकांनी तो लॅमिनेट करून घेतला आहे.

फोक्सवॅगनने हेच सॉफ्टवेअरमधून केले, तेव्हा २०१५ साली जगभर बोंब झाली. चाचणी ओळखून नियंत्रण चालू, रस्त्यावर बंद. अमेरिकेच्या मोजणीत नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत भरला. भारतातल्या चाचण्या पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने घेतल्या आणि रस्त्यावरचा नॉक्स बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. त्या बातम्या वाचून 'या कंपन्यांना फासावर द्यायला हवं' म्हणणारे आणि आज पत्री बसवून घेणारे यांत पुष्कळ नावे सामाईक निघतील. कंपनीने निदान चाचणीपुरती तरी यंत्रणा चालू ठेवली होती.

नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिका सुजवतो आणि त्याने दमा बळावतो. सकाळी सातला, स्कूलबसची वाट पाहत, दप्तर सांभाळत उभी असलेली पोरे उंचीने सायलेन्सरला बॉनेटपेक्षा जवळ असतात. त्यांच्या शेजारी गाडी 'गरम व्हायला' चालू ठेवून पिकअपच्या गोष्टी करणाऱ्यांना पिकअपची काय घाई आहे? पुढच्या सिग्नलला सगळ्यांसोबत तेही थांबणारच आहेत. लाज वाटायला दिसणारा धूरच लागतो का?

कायद्याचे थोडक्यात : मोटार वाहन कायदा, १९८८ मधले कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करायला मनाई करते. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२-अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत. बॉनेट उघडून पत्री शोधणारा पोलीस अद्याप कोणाला भेटलेला नाही.

परत बसवणे अवघड नाही. पत्री काढून नवे गॅस्केट घालतात. व्हॉल्व्ह आणि इनटेक मॅनिफोल्ड साफ करताना व्हॉल्व्हची विजेची मोटर क्लीनरमध्ये बुडवायची नसते. कूलर काढला असेल तर तो बसवून कूलंट भरतात आणि लाइनमधली हवा काढतात. रीमॅप केलेल्या गाडीत मूळ फाइल ईसीयूत परत चढवावी लागते. बरेच रीमॅपवाले तिची प्रत ठेवतात, नसेल तर कंपनीचे सॉफ्टवेअर सर्विस सेंटरमधून पुन्हा घालून घ्यावे लागते. शेवटी स्कॅनर लावून व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो हे पाहावे आणि पी०४०१ पुसावा. त्यानंतरच्या पीयूसीत धुराचा आकडा किंचित वर दिसला तर व्हॉल्व्ह काम करू लागला असे समजावे.